बापाकडची खाण

—ते समदं ठीक हाय, पण आवाज जरा बारीक ठिवा म्याडम. पार्वतीबाई आत च्या टाकायलीय. आन् धाकटी निकिता चारच्या एस्टीनं येती जिंतूरहून, कॉलेजातून — म्हंजी आपल्यापाशी आर्धा घंटा हाय. तीच गाडी पुढं परभणीला जाती. तुमी तिच्यातच बसा आन् निघा. काय म्हणलाव? निकितालाच भेटाय आलाव? ते मला मालूम हाय. तुमी दारात दिसलाव तवाच वळखलं, मोठ्या दवाखान्यातल्या रक्ताच्या रिपोर्टवाल्या म्याडम बोरीला काय च्या प्यायला येतेत व्हय! पण इतवारी पावणे यायलेत तिला बगायला. येलदरीकडचे हायेत, पोरगा शिकलेला, घर चांगलं. इतवार तेवढा जाऊ द्या. मंग सांगा काय सांगायचं ते.

आसं बगू नका माझ्याकडं. सोयरिकीतलं मला शिकवू नका, मी त्यातच म्हातारा झालोय. ह्या पट्ट्यात कुणाच्या पोराचं जमवायचं आसलं की पैले माझ्याकडं येतेत — किशनराव, जरा खबर काढा. मी काय करायचो सांगू? पोरगी बगायचोच न्हाई. पोरीच्या आईच्या माहेरी जायचो. पाणी मागायचो, वसरीत टेकायचो, म्हाताऱ्या बायांशी बोलायचो — आजी कशानं गेली, मावशी कुठं दिली, कुणाला झटके येतेत का, कुणाच्या अंगावर डाग हाय का. तीन पिढ्या खोदायचो. खाण तशी माती! आई बगावी आन् लेक करावी, आसं आमच्यात म्हणतेत. बापाकडचं? बापाकडची फक्त जमीन बगायची, घर बगायचं, आडनाव बगायचं. बापाच्या बहिणींचं कोण इचारतंय? त्या दिल्या घरी गेल्या. त्यांचं दुखणं त्या घरचं, त्यांचं मरण त्या घरचं. मी पंधरा तरी पोरी नापास केल्या आसतील निस्त्या आईकडच्या खबरीवर. एकीच्या आईला छातीत गाठ व्हती — मी एका शब्दात सोयरीक मोडली. आज कुठं हाय ती पोरगी, मला माहीत बी न्हाई.

च्या यीलच आता. बसा, बसा.

न्हाई, मला समजलं न्हाई आसं समजू नका. तुमी राजेश्रीच्या खाटेपाशी बसून सांगितलं व्हतं तवा मी सगळं ऐकत व्हतो. माझी थोरली, एकतिसाव्या वर्षी छातीत गाठ — तुमी म्हणलाव, आंगात एक जीन आसतो. त्याचं इंग्रजी नाव माझ्या जिभेवर बसत न्हाई, पण काम ध्यानात हाय. रखवालीचं काम. आंगातलं कायबी आडदांड वाढाय लागलं की त्याला आडवायचं, मोडलं-तुटलं दुरुस्त करायचं. आन् आसे दोन रखवालदार आसतेत, एक आईनं दिलेला, एक बापानं दिलेला. राजेश्रीला त्यातला एक जन्मापासूनच आंधळा मिळाला. दुसऱ्यानं एकट्यानं रान राखलं तीस वर्षं. मंग एका ठिकाणी त्यालाबी डोळा लागला, आन् डुकरं शिरली ज्वारीत. आसंच सांगितलं व्हतं ना? डुकरं मी घातली, तुमी पेशी म्हणलाव. आन् हेबी म्हणलाव की आंधळा रखवालदार मिळाला म्हणून गाठ व्हतेच आसं न्हाई, पण धोका लय. आन् लेकरांत निम्म्यांना तो मिळू शकतो. निम्म्यांना. मला दोनच पोरी व्हत्या म्याडम.

मंग तुमी आमा नवरा-बायकोचं, माझं आन् पार्वतीबाईचं, रक्त घेतलं, कुणाकडून आलं ते बगायला. कागद यायला येळ हाय म्हणलाव. पण मी कुठं थांबतो कागदाला? मी खाणीचा माणूस! माझी सासू चाळिशीत गेली व्हती — पोटाच्या दुखण्यानं, छातीच्या न्हाई, पण मला तेवढं बास झालं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, पार्वतीबाईचा भाऊ दत्तराव, त्याची बायको, दोन-चार गाववाले उभे आसताना, मी म्हणलो — तीस वर्षं दुनियेची खाण बगितली आन् सोताच्या टायमाला चुकलो. हिच्या माहेरचं रक्तच सडकं निघालं. आसं म्हणलो. आसंच्या आसं. दत्तराव त्या दिवसापासून ह्या घराची पायरी चढला न्हाई.

पार्वतीबाई? तिचं आयका. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वार्डात गेलो तर ती राजेश्रीच्या पायाला धरून बसली व्हती. पोरीच्या पायाला, म्याडम. आई. म्हणत व्हती — माझ्याकडून आलं गं तुला, माझ्याकडून आलं, मला माफ कर. राजेश्री म्हणायली, आई ऊठ, आई ऊठ. आन् मी दारात उभा. मला तवा बरं वाटलं. खरं सांगतो — वाटलं, चला, हिनं कबूल केलं.

राजेश्री आखाडात गेली.

दसऱ्याच्या आधी दोन कागद आले. डाकवाल्याकडून मीच घेतले. पार्वतीबाईचा साफ. माझ्यात निघालं. मला पयल्यांदा वाटलं नावांची आदलाबदल झाली. मंग तुमी तो तक्ता भराय लावला व्हता ना — बाईला गोल, माणसाला चौकोन, आजाऱ्याचा रंग काळा — तो आमचा अर्धाच भरलेला पडला व्हता घरात. पार्वतीबाईकडची बाजू मी दाबून भरलेली. माझी बाजू कोरी. ती भराय बसलो. माझी थोरली बहीण धुरपताबाई, गेली चाळिशीत, छातीच्या दुखण्यानं. सासरच्यांनी करणी म्हणलं, आमीबी करणीच म्हणलं. धाकटी कडूबाई, ऊसतोडीला गेली व्हती, तिकडंच गेली, छातीत गाठ हाय म्हणून लाजंनं कुणाला दाखवली न्हाई. मोळी उचलताना मुका मार बसला आसं आमाला सांगितलं. दोघी दोन गावांत मेल्या, म्याडम. दोन घरांनी रडून घेतलं. एका कागदावर त्यांना कुणी आणलंच नव्हतं. मी काळे गोल केले आन् कागद पेटीत टाकला. पार्वतीबाईनं इचारलं, रिपोर्ट आला का? म्हणलं, न्हाई आला.

चार म्हयने झाले.

आता आयका माझं. निकिताला सांगायचंच आसंल तर सांगा, मी आडवत न्हाई. रक्त घ्या, दर साली तपासा, काय करायचं ते करा. पोरगी जगली पाह्यजे, एवढंच मला पाह्यजे. निस्तं एक करा — आईकडून आलं म्हणा. काय फरक पडतोय? औषध तेच, तपासणी तीच. पार्वतीबाईला तशीबी सवय झालीय त्या बोलण्याची... गावातबी तेच माहीत हाय... माझ्या तोंडानं मी गावात कसं...

काय?

माझ्या बहिणींना लेकरं? धुरपताच्या दोन. कडूबाईची एक. व्हय, तिघी पोरीच. तिघींचीबी लग्नं मीच जमवली. कामून इचारायलाव?

...

आईकडून आलं म्हणलं तर त्या तिघींना कोण सांगणार. आसं म्हणायलाव तुमी.

कडूबाईची तेहतीसची हाय. ह्याच सालात दुसऱ्या लेकराची आई झालीय.

थांबा. जरा थांबा. मला पाणी... राहू द्या, तुमी नका उठू. गाडीचा भोंगा वाजला, निकिता आली बगा. आन् तुमी ते कागद कामून पसरायलाव? आवरा. कागद लागत न्हाई ह्याला.

पार्वतीबाई! च्या ठिव तिथंच खाली. ये इकडं. भुईवर नको बसू — वर बस, बाजेवर, माझ्या बरुबर. बस म्हणतो ना. निकिता, चप्पल काढ आन् तूबी ये. ह्या दवाखान्यातल्या म्याडम. रडायचं काई न्हाई, आजून कुणाला काई झालं न्हाई. आयक. राजेश्रीला जे आलं ते तुझ्या आईकडून नव्हतं आलं. माझ्याकडून आलं. धुरपताआत्याला तेच व्हतं, कडूआत्याला तेच व्हतं. तुझ्या आईचं रक्त साफ हाय. कागद दसऱ्याच्या आधीच आला व्हता. मी लपवला.

पार्वतीबाई, आयकलंस ना? साफ हाय तुझं. मी तुझ्या भावाच्या देखत जे बोललो ते खोटं व्हतं. दत्तरावाला मी सोता जाऊन सांगतो. कडूबाईच्या पोरीकडंबी उद्याच जातो.

आशी काय बगायलीस? शिव्या दे. कप फेक. कायतरी बोल.

पार्वती?

म्याडम, तुमी निघा आता. निकिता, पुढची गाडी सव्वापाचला हाय, म्याडमला थांब्यावर सोड. वाटंत त्या सांगतेत ते नीट आयक आन् रक्त द्यायला कवा यायचं ते इचारून घे. इतवारच्या पावण्यांचं मी बगतो. जा. तिकडून मागं बगत बसू नका. ही बोलंपर्यंत मी काई इथून उठत न्हाई.