मजूर नव्हे, विद्यार्थिनी

सुरभी मॅडम : …आणि तेही आजच? प्रेरणा, विद्यापीठाची कमिटी तासाभरात इथं पोचेल. होस्टेलच्या जिन्यात कालचा कचरा तसाच पडलाय!

प्रेरणा : आज कमिटी हाये म्हणूनच तं काम बंद केलं, मॅडम. दिवाळीपासून सांगून राह्यलो आम्ही. तवा ऑफिसात कोणी उभंबी केलं नाही. आज तुम्ही बसाले खुर्ची दिली.

सुरभी मॅडम : ही ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. तुम्ही विद्यार्थिनी आहात, मजूर नाही.

प्रेरणा : मजूर असतो तं बरं झालं असतं. हाच जिना लखीरामभाऊ झाडत होते. त्याइले काढलं अन् झाडू आम्हा पाच पोरींच्या हाती दिला. आमाले पाचीले मिळून त्याइच्या निम्मेबी भेटत नाही. जिना तं तेवढाच हाये.

सुरभी मॅडम : विद्यार्थ्यांना मजुरीचा दर लावणं म्हणजे त्यांचा अपमान, असं प्राचार्यांचं मत आहे.

प्रेरणा : अपमान चालते आमाले. दर तेवढा लखीरामभाऊचा द्या.

बेबीताई : चहा घ्या, मॅडम. अन् सांगून ठेवते, मेसमधीबी एक पोट्टी आली नाही सकाळपासून. साऱ्या होस्टेलची कनिक म्या एकटीनं भिजवली.

सुरभी मॅडम : बेबीताई, तुम्ही तरी समजवा हिला. अहवालात हाच आपला सर्वोत्तम उपक्रम आहे. ‘श्रमप्रतिष्ठा’. पाच जणींनी झाडू घेऊन रांगेत उभं राहायचं, कमिटीबरोबर फोटो काढायचा. एकसारख्या ओढण्यासुद्धा आणल्यात.

प्रेरणा : ओढण्या कितीच्या?

सुरभी मॅडम : ते महत्त्वाचं नाही.

बेबीताई : म्हंजे महागाच्या हायेत.

सुरभी मॅडम : प्रेरणा, तू झरी जामणीहून इथवर आलीस, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहेस. एवढ्याशा पैशांसाठी कशाला नाव खराब करतेस?

प्रेरणा : एवढेसेच हायेत तं देऊन टाका ना. ते गेटच्या ड्युटीवरली दीपमाला पाहा. तिच्या पैशातून मेसचं बिल कापलं, की हातात बसचं भाडंबी राहत नाही. मागच्या हप्त्यात तिचे बाबा पांढरकवड्याले दवाखान्यात होते. गेली नाही. काहून? तं काम बुडवलं तर खोली सोडा लागीन, असं ऑफिसातून सांगतलं. रात्रभर उशीत तोंड घालून रडली, अन् सकाळी गेटवर जाऊन बसली.

सुरभी मॅडम : मला… हे कुणी सांगितलं नाही.

प्रेरणा : रागावू नका, एक इचारू? रेक्टर म्हणून तुमाले काय भेटते?

सुरभी मॅडम : राहायला खोली दिली आहे.

प्रेरणा : अन् पगार?

सुरभी मॅडम : पगार कॉलेजात शिकवण्याचा. तासिका तत्त्वावर. तो येतो… येतो, उशिरा येतो. रेक्टरपदाला पगार नसतो. ती सेवा असते.

बेबीताई : माय व! म्हंजे या पोट्ट्यांचं ‘कमवा आणि शिका’, अन् तुमचं नुसतंच ‘शिकवा’!

सुरभी मॅडम : हसू नका. थांबा, प्राचार्यांचाच फोन आहे. (फोनवर) हो, सर… नाही, अजून झाडलेलं नाही… त्या माझं ऐकत नाहीत असं नाही, सर. मीच त्यांचं ऐकतेय… लखीरामला होता तोच दर. आणि काम बुडलं म्हणून कुणाची खोली जाणार नाही… दबाव कसला, सर? कमिटीनं विचारलं, मुलींना योग्य मोबदला मिळतो का, तर मी काय सांगू? अहवालाखाली माझी सही आहे… हो. जूनमधली माझी नेमणूक तुमच्याच हातात आहे, ठाऊक आहे मला… व्हॉट्सअ‍ॅपवर नको, सर. लेटरहेडवर. आत्ताच. ठेवते.

बेबीताई : देतो म्हणाले?

सुरभी मॅडम : कमिटीची गाडी नेर गाव सोडून कधीची पुढं आली, म्हणून देतो म्हणाले.

बेबीताई : बसा दोन मिनिटं. चहा तं पाणी होऊन गेला, दुसरा आनते.

प्रेरणा : मॅडम, हिरासिंगभाऊ आले. शिपायाले एवढं धावताना पयल्यांदाच पाह्यलं.

सुरभी मॅडम : आण तो कागद. वाच मोठ्यानं.

प्रेरणा : ‘विद्यार्थिनींच्या श्रमाचा गौरव व्हावा, या उदात्त हेतूने मा. प्राचार्यांनी स्वतःहून…’ स्वतःहून?

सुरभी मॅडम : असू दे. दर वाच.

प्रेरणा : दर लखीरामभाऊचाच हाये. आजपासून. खोलीचंबी लिहिलं. खाली सही, शिक्का.

बेबीताई : गौरव तं गौरव, बाप्पा. पैसे आले म्हंजे झालं.

प्रेरणा : मी पोरींले सांगून येतो. दीपमालाले आजच गावाले पाठवतो, तिचं गेट मी पाहीन… मॅडम?

सुरभी मॅडम : काय?

प्रेरणा : जूनमध्ये तुमाले परत घेतीन ना?

सुरभी मॅडम : (प्रेरणाच्याच बोलीत) काय पाहून राह्यली व माझ्या तोंडाकडे? जाय, पोट्ट्यांले आवाज दे. गाडी आली.