पंपरूममागची आंबुशी

हिंदमाताच्या बस थांब्यावर रांगेत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या.

“आई, सेक्रेटरीने सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा फोटो टाकलाय. पंपरूममागे वाकून गवत खुडताना.”

“गवत नाही, आंबुशी आहे ती. पत्त्यातल्या बदामासारखी तीन पानं, पिवळं फूल. थंडीत सावलीला कशी माजते बघ. परवा तूच दोनदा चटणी घेतलीस ना?”

“घेतली हो. पण ते म्हणतात, लादीच्या फटीत घुसते. रविवारी औषध मारणार.”

“शेंगा धरायच्या आत मुळासकट उपटली की नाही पसरत. रोज उपटतेच आहे ना मी? विष कशाला? अजून काय लिहिलंय?”

“जाऊ द्या ना, आई.”

“वाच, प्रिती.”

“‘ही चाळ नाही, टॉवर आहे.’”

“अस्सं! आपली चाळ पाडली, तेव्हा कुठे हा टॉवर उभा राहिला. रविवारी मी तिथेच खुर्ची टाकून बसते. मारू देत औषध माझ्या अंगावर.”

“थांबा, लिहिते. ‘रविवारी फवारणी होणार नाही. आम्ही दोघी तिथे बसणार आहोत.’”

“तुझं नाव नको गं घालू. तुला रोज त्याच लोकांबरोबर लिफ्टने जायचंय.”

“घातलं. पाठवलंसुद्धा.”