नानांच्या पाठीवरचे भोपळे

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. पोराच्या हातातनं एखादी गोष्ट काढून घेतली, तर त्या रिकाम्या हातात काय द्यायचं? थांबा, घाई नको. आधी गोष्ट ऐका.

आमच्या पलीकडच्या गावात बाळूनाना खराडे. पिठाची गिरणी. माणूस सरळ, पण पाण्याला भिणारा – पंचेचाळीस वर्षांत विहिरीची दुसरी पायरी उतरला नाही! त्यांची लेक तेजल मात्र मासोळीच. हौसाआत्यांनी शिकवलेली ना! या आत्या सत्तरीच्या. शाळांना सुट्टी लागली की पोरांच्या पाठीला सुके भोपळे बांधतात आणि विहिरीत ढकलतात. अर्धं गाव त्यांनीच तरंगवलंय.

तर ही तेजल अकरावीला रोज तालुक्याला जायला लागली आणि चार महिन्यांत पार मिटली. जेवण दोन घास. हसणं बंद. डोळे सदा मोबाईलात. नानांना वाटलं, रोग सापडला! मोबाईल उचलला आणि गिरणीतल्या पिठाच्या डब्यात पुरला. हसू नका, तुमच्यातल्या कुणी कुणी तांदळात पुरलाय, मला ठाऊक आहे.

पण पोरगी भांडलीच नाही. भिंतीकडं तोंड करून तीन दिवस पडून राहिली. नाना दारात उभे राहायचे, आत जायचं धाडस होईना. भांडली असती तर बरं झालं असतं, असं वाटायला लागलं. लेक आपल्या हातातनं चाललीय, ही भीती बापाला बसली.

चौथ्या दिवशी म्हणाले, "बाळ, जरा भाईर पड. विहिरीवर जा. आत्या हायत, पोरं हायत."

भिंतीकडूनच आवाज आला, "तुम्ही येता?"

आता आली का पंचाईत? उपदेश करताना आपली जीभ कशी सराईत! पण 'तुम्ही येता?' म्हटलं की लगेच गुडघा दुखतो, दारात गिऱ्हाईक येतं. नानांच्याही ओठावर गिरणी आलीच होती. पण ती त्यांनी गिळली.

"येतो," म्हणाले.

विहिरीवर आत्यांनी नानांच्या पाठीला दोन भोपळे बांधले. मग वरखाली बघून म्हणाल्या, "पीठवाल्याला तीन लागतील." तिसराही बांधला! काठावरची पोरं फिदीफिदी हसायला लागली. नाना घोरपडीसारखे पायरीला चिकटलेले. तेव्हा तेजल पाण्यात उतरली आणि तिनं बापाच्या पोटाखाली हात धरला.

"नाना, मान वर. पाय मारा. मी हाय न्हवं."

नानांनी पाय मारले. निम्मी विहीर प्यायले. खोकत म्हणाले, "गिरणी आज बंद म्हणून सांग गं गावाला, मी चाललो!"

आणि तेजल हसली, मंडळी. चार महिन्यांनी हसली. नाना रडत होते, पण ओल्या तोंडावर ते कुणाला दिसणार?

नंतर पायरीवर बसल्यावर ती बोलली. "मैत्रिणींनी मला त्यांच्या ग्रुपमधनं काढलं, नाना. परत घेत्यात का, तेच बघत बसायची मी. वाटायचं, कुणालाच नको हाय मी."

नानांना आता उमगलं. औषध लावलं एकीकडं आणि दुखत होतं दुसरीकडंच. घरी आले, डब्यातला मोबाईल काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि तिला परत दिला.

"मला तू हवी हायस, बाळ. हे आधी सांगायला पायजे होतं."

चमत्कार झाला का? नाही. मोबाईल अजून आहे. ती तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंशी बोलायलाही जाते. नाना सोबत जातात, त्यात लाज कसली? पण रोज सकाळी हाक तीच मारते, "नाना, चला. आज दोनच भोपळे."

तर मंडळी, रिकाम्या हातात काय द्यायचं? आपला हात द्यायचा! उद्या पोराला 'बाहेर जा' म्हणायच्या आधी स्वतःची चप्पल शोधा. आणि ते मागे खांबापाशी बसलेले दादा – मोबाईलवर माझं चित्रण पुरे आता. शेजारी लेक बसलीय तुमची, तासाभरात तिच्याकडं एकदाही बघितलं नाहीत.

चला, विठुरायाचं नाव घेऊ, टाळी वाजवून. टाळीला दोन्ही हात मोकळे लागतात. ठेवा तो खाली.