डॉक्टरचा कापूस

हसता काऊन बे? आमच्या अब्बानं डॉक्टरचीच परीक्षा घेतली, खरं सांगून राह्यलो.

अब्बा गादीच्या दुकानात चिमूटभर कापूस ओढून सांगतात, हा पहिल्या वेचनीचा, हा हंगाम सरल्यावर ठेवलेल्या झाडाचा, म्हंजे फरदड, आखूड धाग्याची. आता सारे बीटीच लावतात, तरी त्याइची बोटं चुकत नाहीत.

पन लकव्याचा झटका आला अन् महिनाभरानं दवाखान्यातून घरी आले, तं बोटं पार बधिर. कप हातातून सुटे, कापूस समजेच ना. दुकानाची पायरी चढत नव्हते. म्हनत, "आता मी कायचा पिंजारी?"

तपासनीले गेलो की डॉक्टर त्याइले डोळे मिटायले लावे अन् बोटाले कापसाचा बोळा लावे.

"चाचा, काही लागतंय?"

"नाही."

तीन खेपा हेच. डॉक्टर मले बाजूले घेऊन म्हनाला, "वय झालंय. हे असंच राहील बहुतेक."

चौथ्या खेपेले पुन्हा तोच बोळा, तोच सवाल. मी मान खाली घातली. तेवढ्यात अब्बानं मिटल्या डोळ्यांनीच बोळा चिमटीत धरला, ओढला, आनखी एकदा ओढला, अन् कपाळाले आठ्या पाडल्या.

"डॉक्टरसाब, हा कोनाकडून घेतला?"

"का हो?"

"फसवलं तुमाले. सारी फरदड हाये!"

डॉक्टर खुर्चीतून उठून टाळ्या वाजवाले लागला. "चाचा, झालात तुम्ही बरे! आता यायची गरज नाही."

"येतो ना," अब्बा म्हने, "तुमाले चांगला कापूस द्यायले."