पुढे सायकल, मागे रिक्षा

मंगळवारी सकाळी भाट्याच्या पुलावर मी सायकलवरून पडलो. लोकांनी मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी घरी आलो तेव्हा सायकल आढ्याला टांगलेली होती.

तूच टांगलीस ती, बाबू. आता तूच लिहून घेतोयस तर तेही लिही, लाजू नको. शाळेत पोरांना शिकवतोस ना, खरं लिहावं म्हणून? मग लिही. दोरी कुठून आणलीस ते मला अजून कळलेलं नाही. बहुतेक विहिरीची.

पण पहिल्यापासून सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की एका पडलेल्या सायकलीचं एवढं काय. आमचं गाव संगमेश्वरच्या बाजूला, डोंगरात. वडील नाचणी करायचे, भाऊबंद सगळे मुंबईला गिरणीत, मीही जायचो खरं तर, पण वडिलांचे एक चुलतभाऊ रत्नागिरीत बेकरीत कामाला होते, ते म्हणाले पोराला माझ्याकडे द्या, मुंबई काय पळून जात नाय. म्हणून मी इथे आलो. पिठाच्या गोण्यांवर झोपायचो आणि पहाटे भट्टीत लाकडं सारायचो. पण माझा सगळा जीव कुठे, तर मागच्या पडवीतल्या सायकलीत. शेठची सायकल. काळी, उंच, माझा पाय सीटवरून पुरायचा नाही, मग नळीच्या खालून पाय घालून वाकडा होऊन चालवायची. मच्छीमार्केटच्या उतारावर शिकलो मी, आणि शिकलो म्हणजे काय, एका म्हावरेवालीच्या पाटीवर जाऊन आदळलो. तिने मला ज्या शिव्या दिल्या त्या लिहू नको, पण शेवटी म्हणाली, मेल्या, ब्रेक कुठे असतो तो तरी बघून ठेव. ब्रेक कुठे असतो हे मला तिने शिकवलं.

मग शेठने मला फेरी दिली. मागे कॅरिअरवर पत्र्याची पेटी, पेटीत खाली पाव, वर बटर, खारी, नानकटाई, आणि हँडलला रबरी भोंगा. भाटे, फणसोप, गोळप, कधी थेट पावसपर्यंत. पूल व्हायच्या आधी सायकल आणि पेटी होडीत घालून खाडी ओलांडायचो, होडीवाला म्हणायचा, पाववाल्या, बुडालो तर आधी पेटी धर, तुला मग बघू. पूल झाला आणि काय सांगू तुला, मला वाटलं हा पूल माझ्यासाठीच बांधलाय! पहाटेचा वारा, खाली खाडी, उजवीकडे समुद्र, आणि मी भोंगा वाजवत सुटलेला. पों पों केलं की घराघरातून बायका ताटल्या घेऊन बाहेर. चढावर सगळे सायकलवाले उतरून ढकलत जायचे, मी नाही उतरायचो. भरल्या पेटीसकट उभं राहून पायडल मारत वर जायचो. गुरं राखणारे मुद्दाम बघायला थांबायचे.

तर अशी वर्षं गेली. लग्न झालं, तू झालास, शिकलास, मास्तर झालास. आणि मला साखर झाली. फुटकी नानकटाई शेठ मलाच द्यायचा ना, ती आयुष्यभर खाल्ली, आणखी काय होणार? तहान तहान व्हायची, पायांत मुंग्या, डोळ्यांपुढे धुरकट. आपले डॉक्टर म्हणाले, गोळी सकाळी घ्यायची, घेतली की जेवायचं, गोड बंद, साबुदाणा बंद, बटाटा बंद. मी म्हटलं, आणि सायकल? ते म्हणाले, सायकल बंद केलीस तर माझ्याकडे येऊ नको. असं म्हणाले ते! सायकल म्हणजे तुझी अर्धी गोळी आहे म्हणाले. मी घरी येऊन तुझ्या आईला तीनदा सांगितलं.

आणि ती तपासणी आठवते ना तुला? काचेच्या नळीत ते निळं औषध घ्यायचं, त्यात माझ्या लघवीचे थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. ते काम तुझी आई करायची. मला हात लावू द्यायची नाही, तुम्ही नळी फोडाल म्हणायची. चिमट्यात नळी धरून अशी बघायची जशा दुसऱ्या बायका पाक बघतात. निळंच राहिलं तर साखर नाही, उत्तम. कैरीसारखं हिरवं झालं तर अर्धी भाकरी कमी. हळदीसारखं झालं तर दिवसभर माझ्याशी बोलायची नाही. आणि जांभ्या चिऱ्यासारखं लाल झालं की देवापुढे जाऊन उभी. पण ज्या दिवशी मी गोळपचा चढ मारून यायचो त्या दिवशी निळं! मोरासारखं निळं! ती नळी घेऊन ओटीवर यायची, अहो बघा, बघा. शेजारची काकू एकदा विचारते, काय गो, एवढं काय शिजवतेस? तुझी आई म्हणते, यांची सायकल.

मग तो मंगळवार. पुलाच्या मध्यावर आलो आणि घाम सुटला. वारा थंड आणि मला घाम. हात थरथरायला लागले, भोंगा दाबायला गेलो तर बोटं दुसऱ्याच माणसाची. मग पूल कलंडला. मी नाही, पूल कलंडला असंच मला वाटलं. पेटी उघडली, पाव सगळ्या रस्त्यावर, आणि कावळे उतरले. बाजाराला निघालेल्या म्हावरेवाल्यांनी मला बसवलं, एकीने तोंडावर पाणी मारलं, एक म्हणत होती, पाव गोळा करा गो, बिचाऱ्याचं नुकसान. दवाखान्यात बाटली लावली, थोड्या वेळाने मी उठून बसलो, शुद्धीवर, अगदी ठणठणीत. तिथल्या माणसाने वय विचारलं, साखर आहे का, प्रेशर आहे का, सगळं आहे म्हटलं. मग आता विश्रांती घ्या म्हणाला. झालं. तुम्हा मायलेकांना तेवढंच पाहिजे होतं. पेटी बेकरीत परत गेली, सायकल आढ्याला गेली.

मी भांडलो नाही. पुलावर काय झालं ते मला तरी कुठे कळलं होतं? मलाही वाटलं, संपलं आता. आणि वर पाऊस सुरू झाला. ओटीवर बसायचं आणि वर बघायचं. चाक वाऱ्याने हळूच फिरायचं. तुझी आई म्हणायची, सारखं वर काय बघता, पाल आहे का तिथे? गुडघे धरले. चपलेने अंगठ्याला जखम झाली ती भरेना. आणि नळी, बाबू, नळी रोज लाल. गोळी तीच, भाकरी अर्ध्याची पाव केली, तरी लाल. तुझी आई नळी बघायची आणि धुऊन ठेवायची, मला दाखवायलाही आणायची नाही. माणूस जिवंतपणी भिंतीला कसा टेकतो ते मला त्या पावसात कळलं.

दसरा तोंडावर आला तेव्हा जखम बघून ती घाबरली आणि मला आपल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी अंगठा बघितला, मला बघितलं, म्हणाले, सायकल कुठे आहे? मी म्हटलं, आढ्याला. ते माझ्यावर नाही, तिच्यावर उखडले. का? ती म्हणाली, पडले ना पुलावर, चक्कर आली. सकाळी काय खाल्लं होतं? मी म्हटलं, काही नाही. काही नाही म्हणजे? अहो, अंगारकी होती. उपास. साबुदाणा तुम्हीच बंद केलेला, बटाटा बंद, मग खाणार काय? बिनसाखरेचा चहा घेतला आणि निघालो. आणि गोळी? गोळी घेतली की, गोळी कशी चुकवीन!

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, गोळी रक्तातली साखर उतरवते, वर सायकल उतरवते, आणि पोटात दाणा नाही. पडशील नाहीतर काय उडशील? सायकलने नाही पाडलं तुला. उपासाने पाडलं.

मला इतका आनंद झाला की मी टेबलावर हात आपटला. मी म्हातारा झालो नव्हतो! मी फक्त उपाशी होतो! हसत हसत तुझ्या आईकडे बघितलं तर ती जमिनीकडे बघत होती. मी कधी उपास करणारा नव्हे रे. आज अंगारकी आहे, आज तरी करा, असं तीच म्हणाली होती.

घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. मी म्हणत होतो, अगो, तुला काय माहीत, मला तरी काय माहीत. काही नाही. घरी आली, पदर खोचला, स्टूल ओढलं आणि स्वतः वर चढली. तू शाळेत होतास. दोरीची गाठ तिला सुटेना, तर विळीने कापली. तू दोरी शोधत होतास ना नंतर? सायकल माझ्या अंगावरच यायची, दोघांनी मिळून धरली, आणि सायकल मध्ये धरून दोघं तशीच उभी. तेव्हा बोलली. म्हणाली, पुढच्या अंगारकीला तुमच्या वाटणीचा उपास मी करीन. तुम्ही जेवून निघा.

खंडेनवमीला सायकल धुतली, चेनला खोबरेल लावलं, झेंडूची माळ घातली, शेठने नारळ पाठवला. आणि दसऱ्याला मी म्हटलं, मी सीमोल्लंघनाला पुलापलीकडे जाणार. तू म्हणालास, बाबा, नाय. मी म्हटलं, जाणार. तू म्हणालास, मग मी रिक्षा घेऊन मागून येतो. मला वाटलं तू थट्टा करतोयस. तर खरंच राजिवड्याच्या इस्माईलची रिक्षा दारात! आत तू, तुझी आई, तिच्या मांडीवर भाकरीचं फडकं आणि पुडीत साखर. पुढे मी, मागे रिक्षा, सगळ्या आळीने बघितलं. कोणीतरी ओरडला, वरात कोणाची? इस्माईल ओरडला, पाववाल्याची, दुसरं लग्न!

पायडल मारलं आणि काय सांगू, गुडघा कुरकुरला, चेन कुरकुरली, आणि मग दोघं गप्प झाले. पुलावर वारा लागला. मी भोंगा दाबला! पेटी नाही, पाव नाही, तरी दाबला. इस्माईल मागून म्हणतो, काका, जरा हाणा की, पहिल्या गिअरमध्ये माझं इंजिन तापलं. ज्या जागी पडलो तिथे मी मान वळवून खाली बघितलं. रस्ता होता नुसता. पुढे गेलो. भाट्यात एक म्हातारी ताटली घेऊन धावत आली, पाव दे रे. मी म्हटलं, आज नाय, आज नुसता मीच.

मग गोळपचा चढ आला. थोडा मारला, छाती भरून आली. मागे रिक्षा, आत तू मान बाहेर काढून बसलेला. मला वाटलं, उतरलो तर हा पोरगा म्हणणार, बघा, होत नाही ना, आणि सायकल परत वर जाणार. आणि न उतरलो तर पुन्हा पडणार. काय करू? एवढ्यात तुझी आई रिक्षातून उतरली. चालत आली, कॅरिअरला हात लावला आणि म्हणाली, उतरा. चालत गेलं तर चढ काय ओरडतो का? मी उतरलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या चढावर उतरलो. मी हँडल धरलेलं, ती मागून ढकलतेय, असे दोघं वर गेलो. माथ्यावर तिने मला भाकरी खायला लावली, घास मोजत उभी राहिली.

मग परत उताराला तोंड केलं. खाली समुद्र चकाकत होता. आणि माझं लक्ष कॅरिअरकडे गेलं. इतकी वर्षं तिथे पेटी होती, बाबू. लग्नानंतर एकही दिवस तुझी आई त्यावर बसली नव्हती, जागाच नव्हती. मी म्हटलं, बस. ती म्हणाली, लाज नाय वाटत, पोरगा बघतोय. मी म्हटलं, बघू दे. आणि ती बसली! नऊवारी आवळून, एक हात माझ्या कमरेला, आणि मी ब्रेक सोडला.

तू ओरडत होतास, बाबा, ब्रेक, ब्रेक! इस्माईल हॉर्न वाजवत होता. आणि ती, जी नळी लाल झाली की देवापुढे उभी राहायची, ती माझ्या पाठीमागे मोठमोठ्याने हसत होती. मी तिला तसं हसताना आधी ऐकलं नव्हतं. सुरूच्या झाडांपर्यंत हसत होती. त्या संध्याकाळी नळी निळी आली. ती म्हणाली, सोनं वाटायला हीच घेऊन जाऊ का?

सायकल परत वर गेली नाही. तूही कधी बोलला नाहीस, ते तुझं चांगलं. आता तुझी आई जाऊन वर्ष झालं, तापाचं निमित्त. तू वहीत मान घालून बसतोस ते मी बघतो. लिहितोस ते बरं आहे. देव तुझं बरं करो, तुझे गुडघे तरी शाबूत ठेवो.

फेरी बेकरीतला दुसरा माणूस करतो, त्याला मोपेड दिलीय. मी सकाळी भाकरी खातो, गोळी घेतो आणि पूल ओलांडून चढाच्या माथ्यापर्यंत जातो. चढ चालत चढतो. येताना सायकलवर बसतो.