एकदा नाही म्हणायचं असतं

थोरली: अगं, ओढतेस किती! चादर आहे ती, रस्सीखेच नाही.

धाकटी: मी ओढतच नाहीये, ताई. तुम्हीच मागे मागे सरकताय.

थोरली: मी आहे तिथेच आहे. कोपरा नीट धर. कोपऱ्याला कोपरा लागला नाही की पुढची सगळी घडी तिरकी. इतकी वर्षं झाली या लाँड्रीत, अजून सांगावं लागतं.

धाकटी: शुक्रवारपासून माझं सगळंच तिरकं दिसतंय तुम्हाला. काल घरी दार जोरात लावलं म्हणून बोललात. आज हळू लावलं, तर म्हणालात चोरासारखी काय येतेस.

थोरली: मग? चोरासारखीच आलीस.

धाकटी: मोठ्या जाऊबाई आहात म्हणून ऐकून घेते हं. काय बिनसलंय ते तरी सांगा. घरी विचारलं की भांडी आपटता. इथे निदान आपटायला काही नाही.

थोरली: काही बिनसलेलं नाही. ये पुढे, घडी दे इकडे. घे दुसरी.

धाकटी: युनियनचं आहे ना? अध्यक्षपदाचं?

थोरली: कसलं अध्यक्षपद! काहीतरीच.

धाकटी: अहो, मीच तर तुमचं नाव सुचवलं शुक्रवारी. सगळ्यांसमोर उभी राहून. आणि तुम्ही काय म्हणालात? "छे छे, मला कशाला!" शिलाईवाले मास्तर म्हणाले, "बरं, पुढचं नाव." झालं, आटोपलं.

थोरली: आटोपलं ना? मग उकरून कशाला काढतेस?

धाकटी: तुम्ही चिडलात म्हणून.

थोरली: चिडले कुठे? नवल वाटलं, एवढंच. एवढी माणसं बसली होती. एकालाही दुसऱ्यांदा विचारावंसं वाटू नये?

धाकटी: दुसऱ्यांदा?

थोरली: घरी जेवायला आलेलं माणूस "पुरे" म्हणालं की तू लगेच पातेल्यावर झाकण घालतेस का?

धाकटी: हो.

थोरली: हो, तू घालतेस. म्हणून तर माझ्या माहेरची माणसं आली की मी तुझ्या हातात डाव देत नाही.

धाकटी: थांबा, थांबा. म्हणजे तुम्हाला पाहिजे होतं?

थोरली: असं मी कुठे म्हटलं?

धाकटी: मग नको होतं?

थोरली: तसंही नाही म्हटलं. एकदा नाही म्हणायचं असतं गं. लगेच हो म्हटलं की लोक म्हणतात, बघा, टपूनच बसली होती बाई.

धाकटी: आपल्या कपडे पोचवणाऱ्या गाडीवाल्याने कुठे नाही म्हटलं? त्याचं नाव पुरतं उच्चारायच्या आत "मला चालेल" म्हणून मोकळा!

थोरली: त्याचं सोड. तो लाज कोळून प्यालाय.

धाकटी: पण टपून बसलाय असं कोणी म्हटलं का त्याला? उलट पाठ थोपटली. मला भूक लागली तर मी आपली वाढून घेते बाई.

थोरली: माहितीये. दुपारी पातेलं खरवडल्याचा आवाज येतो मला.

धाकटी: येऊ दे. उपाशी तर राहत नाही! आणि भावजी काय म्हणाले? त्यांना सांगितलंत ना?

थोरली: सांगितलं. वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "बरं झालं नाही म्हणालीस, तुझ्यामागे आधीच काय कमी व्याप आहेत." मी म्हटलं, हो ना. आणि रात्रभर कूस बदलत पडले.

धाकटी: म्हणजे पाहिजे होतं.

थोरली: पुन्हा तेच! कडेला सुरकुती राहिली बघ. झटक. हां, अशी. तुला गाडीवाल्याचं नवीन कळलं का? त्याने मालकाला सांगूनही टाकलंय म्हणे, घडीच्या टेबलावर एक बाई पुरे. दोघी कशाला?

धाकटी: एकटीने? ही डबल बेडची चादर? दुसरं टोक काय दातात धरायचं?

थोरली: हनुवटीखाली धरा म्हणतो. करून दाखवलं त्याने मालकाला, हनुवटीखाली धरून.

धाकटी: चादर?

थोरली: हात पुसायचा नॅपकिन.

धाकटी: अहो, हसवू नका, हातातून सुटेल सगळं!

थोरली: हस, हस. पुढच्या महिन्यात मालकाशी बोलणी आहेत. खुर्चीत हा बसला तर तू एका टेबलाला एकटी, आणि मला पाठवतील मळके कपडे निवडायला. मग हस एकटीच.

धाकटी: पण तो येतोय कशाला निवडून? बॉयलरवाले मामा उभे आहेत की. दर वेळी मामाच येतात.

थोरली: हो. मामा आहेतच.

धाकटी: असं का म्हणालात?

थोरली: कसं?

धाकटी: लांबवून. "आऽहेतच."

थोरली: मी काही लांबवलं नाही. चादरी झाल्या, अभ्रे घे. आणि हळू बोल, मामाच येतायत बघ.

मामा: बायांनो, जरा टेकू द्या इथे. बॉयलरपाशी बसलं की घामाची आंघोळ, बाहेर बसलं की वारा झोंबतो. तुमच्याकडे बरं असतं, उबदार.

थोरली: या ना, मामा. त्या गठ्ठ्यावर नको, तो हॉस्पिटलचा आहे. इकडे टॉवेलांवर बसा.

धाकटी: मामा, चेहरा का असा? सुट्टी झाली की सभा आहे ना, भाषण पाठ करताय?

मामा: भाषण कसलं आलंय! मी शुक्रवारी नको नको म्हणालो, ऐकलंस ना तू?

धाकटी: ऐकलं की. सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या.

मामा: तेच तर! मी नको म्हटलं की तुम्ही टाळ्या वाजवता. मागच्या खेपेला तर हात जोडले. म्हटलं, बाबांनो, नवीन माणूस बसवा. तर मागून कोणीतरी ओरडलं, "किती साधा माणूस!" आणि बसवला मलाच. त्याच्या आधी तेच. त्याच्याही आधी तेच.

थोरली: मामा, तुम्ही खरंच नको म्हणत होता?

मामा: मग खोटं नको कसं असतं?

धाकटी: अगं बाई! म्हणजे तुमचं खरं नको सगळ्यांनी खोटं धरलं, आणि यांचं खोटं नको...

थोरली: तू गप्प बस.

मामा: कोणाचं खोटं नको?

धाकटी: यांचं! यांना अध्यक्ष व्हायचं होतं.

थोरली: असं मी म्हटलेलं नाही!

मामा: अरे देवा. आणि मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, थोरलीला विचारलं होतं गं, पण ती नाही म्हणाली. आता माझी काही सुटका नाही. ती म्हणाली, चांगल्या बाया अशाच असतात, कशात पडत नाहीत.

थोरली: असं म्हणाल्या? पडते मी. सगळ्यात पडते.

धाकटी: पण मामा, तुम्हाला का नकोय? एवढे मानतात लोक.

मामा: मानतात म्हणूनच तर पंचाईत. बायको आजारी होती तेव्हा माझ्या पाळ्या कोणी कोणी केल्या, विसरलो नाही मी. बॉयलरचं ओ की ठो कळत नसताना इस्त्रीवाले येऊन उभे राहायचे. अशा माणसांना तोंड वर करून कसं सांगू, आता मी नाही म्हणून? मग नुसतं नको नको करत बसतो, आणि तुम्ही टाळ्या वाजवता.

धाकटी: ते कळलं. पण कारण?

मामा: कारण आहे आपलं एक.

थोरली: गुडघे दुखतात त्यांचे.

मामा: हां. गुडघे.

धाकटी: मालकाचं ऑफिस तर खालीच आहे. चार पावलं.

थोरली: धाकटे!

धाकटी: मी आपलं विचारते. आणि बोलतात किती छान मामा! इस्त्रीच्या हॉलात पंखे आले ते कोणामुळे? ताई, तुम्हीच तर येऊन सांगितलंत, मामा असे काही बोलले की मालक गारच पडला.

मामा: असं सांगितलंस तू?

थोरली: मग? बोललातच की.

मामा: काय बोललो गं मी?

थोरली: बरंच काही.

मामा: मला एवढंच आठवतं की खुर्ची फार मऊ होती.

धाकटी: म्हणजे?

थोरली: म्हणजे अभ्रे संपले. मामा, जरा उठा, तुमच्याखालचे टॉवेल घडी करायचेत.

मामा: उठतो. ऐक थोरले, मी आज नाव मागे घेणार. काय वाटेल ते होवो. पण मी उतरलो आणि तू बोलली नाहीस, तर गाडीवाला एकटा उरतो. मग मतदानसुद्धा नाही. सरळ खुर्चीत.

थोरली: लोक काय म्हणतील? म्हाताऱ्याला उठवून बसली.

मामा: उठव गं बाई, उपकार होतील. पण मास्तर भारी काटेकोर. ज्याचं नाव, त्यानेच तोंडाने सांगायचं. मी तुझ्या वतीने बोललो तर तो मला खाली बसवेल.

धाकटी: ताई, माझ्यासाठी उभ्या राहा. आपली जोडी मोडू नये म्हणून.

थोरली: हां. तसं सांगता येईल. जोडीसाठी.

मामा: नुसतं जोडीसाठीच?

थोरली: मग आणखी कशासाठी?

मामा: मला काय ठाऊक. मी आपला विचारतोय.

थोरली: सगळे आज विचारायलाच निघालेत. शुक्रवारी कुठे होतात?

(सुट्टी झाली आहे. ड्रायरच्या हॉलात मशीन बंद करून सगळे जमलेत, कोणी बाकांवर, कोणी कपड्यांच्या गठ्ठ्यांवर. शिलाईवाले मास्तर टेबलापाशी उभे.)

मास्तर: शांत व्हा जरा. मी सुईदोऱ्याचा माणूस, घसा लहान आहे माझा. मतदानाच्या आधी विचारायचं असतं म्हणून विचारतो. कोणाला नाव मागे घ्यायचंय?

मामा: मला. मला नको अध्यक्षपद.

मागून एकजण: वा मामा! किती साधा माणूस!

धाकटी: अहो, टाळ्या नका वाजवू! खरं म्हणतायत ते! टाळ्या बंद करा!

मास्तर: मामा, मला नको म्हणजे नकोच कळतं. पण ही मंडळी ऐकायची नाहीत. कारण सांगून टाका.

मामा: सांगतो. मला झोप लागते.

मास्तर: आत्ता?

मामा: आत्ता नाही हो! मालकाशी बोलणी सुरू झाली की. दुपारची वेळ, पंखा, मऊ खुर्ची. पंख्यांची बोलणी झाली तेव्हा मालक बोलत होता आणि मी घोरत होतो. ते पंखे माझ्याबरोबर आत आलेल्या थोरलीने मिळवले. आणि बाहेर येऊन तुम्हाला नाव सांगितलं माझं. हसा. हसा, मला काही वाटत नाही.

मागून एकजण: आम्हाला माहीत होतं, मामा! आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत नाही!

मामा: माहीत होतं म्हणे! मग टाळ्या कशाला वाजवायचात, गाढवांनो?

मागून एकजण: तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून!

मास्तर: हसणं पुरे. मामांचं नाव मागे. उरलं गाडीवाल्यांचं एकच. आणखी कोणाचं नाव सुचवायचंय?

धाकटी: मला. थोरल्या ताईंचं.

मास्तर: त्या नाही म्हणाल्या होत्या.

धाकटी: तुम्ही एकदाच विचारलंत!

मास्तर: मी सगळ्यांना एकदाच विचारतो. नाव पुन्हा आलंय, म्हणून पुन्हा विचारतो. बाई, तयार आहात?

थोरली: सगळ्यांची इच्छा असेल तर...

मास्तर: सगळ्यांची इच्छा मतपेटीत कळेल. मी तुमची विचारतोय.

थोरली: नाही, म्हणजे, घडीच्या टेबलावरच्या जोड्या मोडू नयेत, यासाठी कोणीतरी...

मास्तर: कोणीतरी चालत नाही. गाडीवाल्यांनी "मी" म्हटलंय.

धाकटी: ताई, बोला ना हो.

मामा: सावकाश सांग गं. आम्ही कोणी मध्ये टाळ्या वाजवत नाही.

थोरली: जोड्यांचं आहेच. ते मी सोडणार नाही. पण त्यासाठी नाही नुसतं. पंख्यांच्या बोलणीत मालकाने माझं म्हणणं खोडलं, मी त्याचं खोडलं, आणि घरी जाताना मला वाटेत एकटीलाच हसू येत होतं. मला आवडतं ते. मास्तर, मला अध्यक्ष व्हायचंय.