कांद्यासारखे गड्डे

जुन्नरच्या अड्ड्यावर साळुबाई टोपली घेऊन टांग्यात बसून तो भरायची वाट बघत होती. शेजारच्या दुकानाच्या दारात, काश्मीर फिरून परवाच परतलेले प्रेमचंदशेट आणि त्यांची बायको झमकूबाई यांची चांगलीच जुंपली होती.

“उकिरड्यावर फेकलेस? अगं, ते कांदे नव्हते. साहेबलोक ट्यूलिप म्हणतात, त्या फुलाचे गड्डे होते!”

“जैनाच्या घरात कांद्यासारखं काही आणलंत, तर आणखी कुठे जाणार?”

“तिकडे घरांच्या मातीच्या धाब्यांवर लालभडक फुललेली असतात. नावेत बसून रोज बघायला जायचो. तुलाही दिसावीत म्हणून आणले.”

“मला? हा समोरचा लेण्याद्रीचा डोंगर रोज परसातून दिसतो. किती वर्षं म्हणतेय, एकदा न्या!”

“अगं, दुकान कोण बघणार?”

“आणि तुम्ही नावेत होतात तेव्हा?”

“तू होतीस की.”

झमकूबाईनं कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि शेटच्या हातात ठेवल्या. साळुबाईनं टोपली मांडीवर घेतली.

“या बाई, सरकते मी.”

टांगेवाल्यानं लगाम हातात घेतला. “कुठं जायाचं?”

“लेण्याद्रीला.”

“आन् शेट?”

“ते दुकान बघतील.”